मदत हवी आहे: नव्या कन्सोलवर जुन्या डिस्क चालत नाहीत (तातडीचे)

अडला_हरी
नवीन कन्सोल घेतला आहे आणि त्यावर माझे जुने गेम चालत नाहीत. सगळेच चालत नाहीत असेही नाही. काही डिस्क घातल्या की लगेच सुरू होतात, तर काहींच्या बाबतीत यंत्र क्षणभर घरघरते आणि मग आत काही घातलेच नाही असे गप्प बसते. यंत्र परत करण्याची मुदत परवा संपते, त्यामुळे दोष यंत्राचा, डिस्कचा की माझा, एवढेच उद्यापर्यंत कळायला हवे. आधी शोधून पाहिले आहे, तेव्हा कृपया तो सल्ला नको.

चौकस
कन्सोल कोणता आणि गेम कोणते? ‘नवीन’ आणि ‘जुने’ या दोन शब्दांत गेल्या पंचवीस वर्षांतले काहीही बसते.

नेत्रा_क
काही चालतात आणि काही नाही, म्हणजे डिस्क मळल्या आहेत. मऊ सुती कापड किंचित ओले करून मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवू नका. माहिती गोलाकार रेघेत लिहिलेली असते. आडवा ओरखडा यंत्र सावरून घेते, पण रेघेच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग मोठा भाग पुसून टाकतो. टूथपेस्टने घासण्याचा जुना उपाय ब्लू-रेवर तर मुळीच करू नका, कारण तिथे माहितीचा थर पृष्ठभागाखाली जेमतेम ०.१ मिमीवर असतो.

हिरवा_कंदील
परत करण्याची मुदत शिल्लक आहे ना? मग ते यंत्र परत करा आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स घ्या. २००१ सालच्या पहिल्या एक्सबॉक्सपासूनच्या निवडक डिस्क त्यात चालतात, आणि जुने गेम अनेकदा मूळ यंत्रापेक्षा जास्त स्वच्छ दिसतात. मी माझा सगळा एक्सबॉक्स ३६०चा संग्रह असाच हलवला आणि मला त्याचा एकदाही पश्चात्ताप झालेला नाही.

जुनेतेसोने
‘निवडक’ हा शब्द आपण फार हळू आवाजात उच्चारलात. त्या यादीत २०२१च्या नोव्हेंबरमध्ये शेवटचे ७६ गेम आले आणि परवान्यांच्या व तांत्रिक अडचणींमुळे तिथेच यादी बंद झाली. शिवाय तिथेही जुनी डिस्क प्रत्यक्षात चालत नाहीच. ती केवळ किल्लीचे काम करते आणि नव्या यंत्रासाठी बांधलेला गेम जालावरून उतरवून घ्यावा लागतो. आणि मुख्य म्हणजे प्रश्नकर्त्याच्या डिस्क एक्सबॉक्सच्या आहेत असे कुणी सांगितले?

अडला_हरी
प्लेस्टेशन ५ आहे, डिस्कची फट असलेला. हे सांगायचे राहिले असे मला वाटत नाही, कारण प्लेस्टेशन सोडून दुसरे काही मी आयुष्यात वापरलेले नाही. डिस्कसुद्धा प्लेस्टेशनच्याच आहेत, म्हणून तर त्या चालायला हव्यात. पुसूनही झाल्या, फरक नाही.

चौकस
धन्यवाद. आता एक करा. प्रत्येक डिस्क उलटी धरून खालचा रंग पाहा आणि तो इथे लिहा.

अडला_हरी
रंगाचा काय संबंध? असो. चार डिस्क खालून काळ्याकुट्ट आहेत, तीन निळसर जांभळ्या आहेत आणि बाकीच्या वीसेक साध्या चंदेरी. चंदेरींपैकी निळ्या खोक्यातल्या नऊ चालतात, त्या भाच्याने दिल्या आहेत. काळ्या खोक्यातली एकही चालत नाही.

चौकस
मग आपले यंत्र ठणठणीत आहे आणि बहुधा डिस्कही. काळ्या तळाच्या चार डिस्क पहिल्या प्लेस्टेशनच्या आहेत. निळ्या तळाच्या प्लेस्टेशन २च्या, पण सीडीवर छापलेल्या. काळ्या खोक्यातल्या चंदेरी डिस्क प्लेस्टेशन २च्याच, डीव्हीडीवर छापलेल्या. प्लेस्टेशन ५ सीडी मुळात वाचतच नाही, त्यामुळे पहिल्या सात त्याच्या दृष्टीने नुसत्या प्लॅस्टिकच्या चकत्या आहेत. डीव्हीडी तो वाचू शकतो, चित्रपटाची असेल तर दाखवतोही, पण तिच्यावरचा प्लेस्टेशन २चा गेम चालवणारी सोय त्याच्यात नाही. भाच्याचे नऊ गेम प्लेस्टेशन ४चे असणार, आणि ते गेम अगदी मोजके अपवाद वगळता ५वर चालतात.

हिरवा_कंदील
म्हणजे मी म्हणत होतो तेच: चुकीचे यंत्र घेतले.

जुनेतेसोने
प्लेस्टेशन २च्या डिस्क आपल्या हिरव्या यंत्रात घालून काय उजेड पडणार आहे?

खरे कारण यंत्रांच्या पोटात आहे. ४ आणि ५ या दोघांचेही प्रोसेसर संगणकात असतात त्याच कुळातले, एक्स८६ जातीचे आहेत, त्यामुळे धाकट्याला थोरल्याची भाषा येते. प्लेस्टेशन २चा ‘इमोशन इंजिन’ पूर्णपणे वेगळ्या घराण्यातला होता, आणि प्लेस्टेशन ३चा ‘सेल’ तर आणखीच निराळा, एका मुख्य गाभ्याभोवती अनेक छोटे गाभे राबवणारा. म्हणूनच ३चे गेम आज ५वर फक्त स्ट्रीमिंगने, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालवून, खेळता येतात. माझा सल्ला असा की २००६-०७चा सुरुवातीचा प्लेस्टेशन ३ कुठे वापरलेला मिळाला तर घ्यावा. त्याच्यात २च्या चिप, सगळ्या किंवा निदान चित्राची तरी, बसवलेल्या होत्या. ओळखायची खूण सोपी आहे: पुढे चार यूएसबी खाचा असतील तर तो, दोनच असतील तर नाही. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क मात्र कोणताही ३ चालवतो.

पिक्सेलपंत
इतका आटापिटा कशासाठी? संगणकाला डीव्हीडी ड्राइव्ह लावा, पीसीएसएक्स२ हा इम्युलेटर, म्हणजे संगणकाला प्लेस्टेशन २सारखे वागायला लावणारा प्रोग्रॅम, घाला आणि स्वतःच्याच डिस्कवरून गेम चालवा. चित्र मूळ यंत्राच्या कित्येक पट स्पष्ट करता येते आणि हवे तिथे गेम थांबवून तिथूनच पुन्हा सुरू करता येतो. मूळ यंत्राचा हट्ट हा निव्वळ हळवेपणा आहे.

तळटीप
इम्युलेटर कायदेशीर असला, तरी त्याला लागणारा बायोस, म्हणजे कन्सोल सुरू करणारे त्याच्या आतले मूळ सॉफ्टवेअर, कंपनीच्या मालकीचा असतो. तो स्वतःच्या यंत्रातून काढून घेणे आणि कुठून तरी उतरवून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिक्सेलपंतांनी नेमके तेवढेच गाळले आहे.

पिक्सेलपंत
गाळलेले नाही, गृहीत धरले आहे. अमेरिकेत २००० साली सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अपील न्यायालयाने इम्युलेटर बनवण्यासाठी बायोसची केलेली तपासणी कॉपीराइट कायद्यातल्या ‘न्याय्य वापरात’ बसवली होती.

तळटीप
बनवण्यासाठी. तो निकाल इम्युलेटर तयार करणाऱ्या कंपनीबद्दल होता, घरी बसून फुकट बायोस उतरवणाऱ्याबद्दल नव्हे.

सुमेधा_पाटणकर
थोडे वेगळे लिहिते. अनेकांचा जुना कन्सोल नव्या टीव्हीला जोडताना अडतो, कारण पिवळा, पांढरा आणि लाल अशा तीन टोकांच्या वायरीसाठी मागे तीन भोके दिसत नाहीत. बऱ्याच टीव्हींमध्ये पिवळे भोक वेगळे दिलेले नसते, तर हिरवे भोकच स्वतःचे आणि पिवळ्याचे अशी दोन्ही कामे करते आणि त्याच्याभोवती पिवळे वर्तुळ काढलेले असते किंवा बारीक अक्षरात ‘व्हिडिओ’ असे लिहिलेले असते.

हिरवा_कंदील
हे कुणी विचारले होते?

सुमेधा_पाटणकर
कुणीच नाही. परवाच मी स्वतः यात दोन तास घालवले, म्हणून लिहिले.

चौकस
हरीभाऊ, एक विचारायचे राहिले. या डिस्क आपण पूर्वी ज्यावर खेळत होता, त्या यंत्राचे काय झाले?

अडला_हरी
ते कुठे जाणार? कपाटात आहे आणि व्यवस्थित सुरू होते. पण जुना टीव्ही गेला आणि नव्याला त्याची वायर लागत नाही, म्हणून तर नवीन कन्सोल घ्यावा लागला. हे उघडच आहे, नाहीतर कुणी नवीन कशाला घेईल?

जुनेतेसोने
आम्ही सगळे इथे प्रोसेसरची वंशावळ उगाळत बसलो आणि खुद्द प्लेस्टेशन २ कपाटात जिवंत आहे! हरीभाऊ, टीव्हीच्या मागे हिरवे भोक आहे का?

अडला_हरी
आहे. हिरवे, निळे, लाल, पांढरे आणि पुन्हा लाल. पिवळे नाही, म्हणून मी प्रयत्नच केला नव्हता. आता जोडून पाहिले. पिवळे टोक हिरव्यात, पांढरे पांढऱ्यात, लाल शेवटच्या लालमध्ये. आवाज येतो आणि चित्रही आले, पण ते कृष्णधवल आहे. गेम असा नव्हता.

सुमेधा_पाटणकर
टीव्हीच्या इनपुटच्या यादीत ‘कम्पोनंट’ निवडले गेले असेल. त्या पद्धतीत हिरव्या वायरीतून फक्त उजेड-अंधाराची माहिती येते आणि रंगांची माहिती निळ्या व लाल वायरींतून येणे अपेक्षित असते. त्या आपण जोडलेल्या नाहीत, म्हणून टीव्ही रंगच दाखवत नाही. यादीत ‘एव्ही’ निवडा.

पिक्सेलपंत
पुढे कधी खरोखरच पाच टोकांची कम्पोनंट वायर घेतलीत, तर आधी प्लेस्टेशन २च्या सेटिंगमध्ये कम्पोनंट आउटपुट ‘आरजीबी’वरून ‘वाय सीबी सीआर’वर न्या, नाहीतर रंग विचित्र दिसतील. चित्र या वायरीपेक्षा बरेच चांगले मिळेल. अर्थात, इम्युलेटरइतके नाही.

अडला_हरी
रंग आले. काळ्या तळाची एक डिस्कही घालून पाहिली, तीसुद्धा चालली. मेमरी कार्डावरचे जुने सेव्ह मात्र दिसत नाहीत.

चौकस
कार्ड कोणते? पहिल्या प्लेस्टेशनचे गेम प्लेस्टेशन २मध्ये चालतात, पण त्यांना पहिल्या प्लेस्टेशनचेच कार्ड लागते. २च्या ८ एमबी कार्डावर ते आपले सेव्ह ठेवू शकत नाहीत.

अडला_हरी
करड्या रंगाचे एक कार्ड खोक्याच्या तळाशी होते. ते लावल्यावर दिसले. नवीन यंत्र परत करत नाही, भाच्याचे नऊ गेम त्यावरच खेळेन.