फलकावर नुसतं ‘मामा तलाव’: हे नाव झालं का?

धानवाला (भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीकडचा): आमच्या तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, नवा फलक लागला, ‘मा. मा. तलाव’. शेजारच्या गावीही तोच, त्याच्या पुढच्या गावीही तोच. पोट्टे विचारतात, कोणाचा मामा? मग सांगा, माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी गावाचा शेतसारा भरणाऱ्या मालगुजाराच्या मालकीचा. हे नाव नाही, प्रकार आहे. गायीला कोणी ‘ए जनावर’ म्हणून हाक मारते का? म्हातारे आमच्या तलावाला देवतलाव म्हणतात, तेच लिहा. अन् ‘माजी’ काहून? मालगुजारी गेली, तलाव अजून धान पिकवून देते.

जुनं दप्तर: नाव लिहा, पण प्रकार पुसू नका. १९५० च्या कायद्यानं मालगुजारांची मालकी संपली, ३१ मार्च १९५१ पासून हे तलाव सरकारजमा झाले. ‘माजी मालगुजारी’ म्हणजे आता कोण्या एका घरचा नाही, एवढं त्यातून समजते. नुसतं ‘देवतलाव’ राहिलं तर उद्या कोणी म्हणन, देवस्थानाचा आहे.

धानवाला: फलक म्हणजे सातबारा नव्हे ना जी. निस्ताराचे, म्हणजे गावानं पाणी-जमीन वापरायचे हक्क निस्तार पत्रकात राहतात, पत्र्यावर नाही.

जुनं दप्तर: पत्रक वाचाले तहसिलीत कोण जाते? पत्रा सारे वाचतात.

साकोलीची लेक: मला तर ‘मालगुजारी’च खटकते. मालगुजार म्हणजे शेतसारा गोळा करून सरकारात भरणारा. इंग्रजांनी बंदोबस्तात त्याला मालक केलं. तलाव बरेचसे त्याआधीचे, गोंड राजांच्या वेळचे, अन् बांधणारे कोहळी समाजाचे लोक. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळींनी बांधला असं सांगतात. त्या नावात मालगुजार कुठं आहे? जे बांधलं तेच नावात आलं.

जुनं दप्तर: कोहळ्यांतलेही मालगुजार होतेच, ताई. मग कोणाचं श्रेय कोणी खाल्लं म्हणायचं?

साकोलीची लेक: घमेले उचलणाऱ्यांचं. ते कोणत्याच कागदात नाहीत.

बोडीवाला: तुम्ही मोठ्यांचं भांडता. खरा घोळ बोडी अन् तलावाचा आहे. बोडी म्हणजे लहानसं तळं, बहुतेक एकाच्या शेतातलं, त्याच्या धानाच्या बांध्यांपुरतं. तलावाचं पाणी गावाचं, वाटून घ्यायचं. बोडीला ‘लहान तलाव’ म्हटलं की पाण्याच्या ओढीत अख्खं गाव हक्क सांगते. अन् गावतलावाला बोडी म्हणत गेलं की कोणीतरी त्याच्या पोटात धान लावून मोकळा होते. दुसरी गोष्ट जास्त होते, पहिली कमी.

धानवाला: हे पटलं. मग वर मोठ्या अक्षरात ‘देवतलाव’, खाली बारीक ‘माजी मालगुजारी’ अन् गट क्रमांक. ‘मामा’ तेवढा काढा.

जुनं दप्तर: बारीक नाही, सारख्याच अक्षरात. तसा ठराव असन तर ग्रामसभेत हात वर करतो, नाही तर विरोधात बोलतो.