कमिटला मागाहून जोडलेल्या नोट्स: ठेवाव्यात का?

लातूरकर (धागाकर्ता):
गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलाची नोंद, झाल्यावर जे कळतं, ते गिट नोट्स (कमिटला मागाहून लावायची टिपणं) वापरून त्याच कमिटला जोडावं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर नको, एक्सेलमध्ये नको. माझं मत ठाम आहे.

आमचं काम सोयाबीन खरेदीच्या सॉफ्टवेअरचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं हमीभाव खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्क्यांवरून १५ वर नेली. ऐन घाईत कमिट पडलं, संदेश एवढाच: 'ओलावा १५ केला'. पुढच्या हंगामात टीममध्ये आलेल्या मुलीनं गिट ब्लेम (कोणती ओळ कोणत्या कमिटमधली ते दाखवणारी आज्ञा) लावलं आणि विचारलं, हे कुणी सांगितलं? कायमचं आहे की त्या हंगामापुरतं? उत्तर होतं एकाच्या फोनमधल्या पीडीएफमध्ये.

आता संदेश दुरुस्त करायला जावं, तर त्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) बदलतो आणि त्यापुढच्या सगळ्यांचेही. नोट जोडली तर हॅशला धक्का लागत नाही. मजकूर वेगळ्या रेफमध्ये (गिटमधल्या शाखेसारख्या वेगळ्या नावाखाली) राहतो आणि गिट लॉगमध्ये संदेशाखाली दिसतो. सातबाऱ्यावर कुणी खाडाखोड करत नाही, फेरफार वेगळ्या वहीत नोंदवतात, तसंच हे.

जालनेकर:
दादा, फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर छापलेला असतो. तुमची नोट दुसऱ्याच्या मशीनवर दिसते का? साध्या पुशनं (सर्व्हरवर पाठवताना) नोट्स जात नाहीत, साध्या क्लोननं (तिथून प्रत घेताना) येत नाहीत. गिटहब या कोड ठेवायच्या साइटनं तर २०१४ मध्येच त्या दाखवणं बंद केलं.

आणि मुळात ओलाव्याची मर्यादा कोडमध्ये कामून लिहिली? 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं कोष्टक करा, आदेशाचा क्रमांक शेजारच्या रकान्यात टाका. नोटची गरजच संपली.

लातूरकर:
कोष्टक हवंच, त्यावर वाद नाही. पण पुढचं ऐका. ते कमिट चालू झाल्यावर कळलं, की एका केंद्रावरचा ओलावा मीटर दशांश गाळून पूर्णांक पाठवायला लागलाय. १५.४ चा माल १५ म्हणून पास! कोडमध्ये काहीच बदललं नाही, मीटर बदलला. म्हणजे नवं कमिट नाही, कोष्टकात जागा नाही. पण त्या ओळीला हात लावणाऱ्या पुढच्या माणसाला हे कळायलाच पाहिजे. सांगा, कुठं लिहू?

नांदेडकर:
कुठंही लिहा, पण रिबेस (कमिटं नव्या पायावर पुन्हा रचणं) करणाऱ्या टीमनं नोट्सवर विसंबू नये. रिबेस किंवा अमेंड (शेवटचं कमिट दुरुस्त करणं) केलं की नवं कमिट तयार होतं आणि नोट जुन्यालाच चिकटून राहते. 'नोट्स.रीराइटरेफ' हे गिटचं सेटिंग केलं तरच ती सोबत येते, आणि ते प्रत्येकाच्या मशीनवर करावं लागतं. सर्व्हरवर स्क्वॅश मर्ज (अनेक कमिटं एकात मिसळणं) केलं तर या सेटिंगचाही उपयोग नाही. लिनक्स कर्नलवाले बघा: नव्या कमिटच्या संदेशात 'फिक्सेस' अशी ओळ टाकतात, पुढं जुन्या हॅशची पहिली १२ अक्षरं. ती कुठंही हरवत नाही.

लातूरकर:
ताई, 'फिक्सेस' लिहायला आधी दुरुस्तीचं कमिट लागतं. इथं तेच नाही. रिबेसचं म्हणाल तर नोट मर्ज झाल्यावरच, मुख्य शाखेवरच्या कमिटला जोडायची. तिथं कुणी रिबेस करत नाही. फेचसाठी (सर्व्हरवरून नवं ते आणण्यासाठी) '+रेफ्स/नोट्स/*:रेफ्स/नोट्स/*' ही एक ओळ सेटअप स्क्रिप्टमध्ये घातली, की नव्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

परभणीकर:
मी लातूरकरांच्या बाजूनं. आपल्याकडची पोरं हात बसला की पुण्याला नाहीतर हैदराबादला जातात, जावंच त्यांनी. पण मीटरसारखी माहिती त्यांच्यासोबत जाते आणि मागं राहिलेल्यांना लई जड जातं. रेपोत (कोडच्या गिट साठ्यात) असेल तर निदान सापडेल तरी. दोघांनी एकाच कमिटला नोट लिहिली तर गिट नोट्स मर्जला 'युनियन' पद्धत द्या, दोन्ही मजकूर राहतात.

जालनेकर:
माझा मुख्य आक्षेप अजून तसाच आहे. कोड रिव्ह्यूतून जातो. नोट कुणीही जोडतो आणि पुश करतो. 'मर्यादा कायमची १५' अशी चुकीची नोट कुणी टाकली तर पुढचा माणूस तीच खरी धरणार.

लातूरकर:
नोट्सच्या रेफलाही स्वतःचा इतिहास असतो. कुणी, कधी, काय लिहिलं ते 'गिट लॉग -पी नोट्स/कमिट्स' नं दिसतं. चुकीची नोट पकडता येते, सुधारताही येते.

जालनेकर:
पकडता येते, पण कुणीतरी बघायला गेलं तर. मीटरची गोष्ट मी डॉक्स फोल्डरमधल्या फाईलमध्ये कमिटच्या हॅशसकट लिहीन. तेच नवं कमिट, त्याचा रिव्ह्यू होईल, आणि साध्या क्लोननं ती फाईल प्रत्येकाकडे येईल.