कोलकात्यात अडीच दिवस, यादी १७ जागांची झालीये... काय कापू?

संत्रीबर्फी
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कोलकात्याला चाललोय, नागपूरहून गीतांजलीने. शनिवारी दुपारी हावड्याला उतरणार, मंगळवारी दुपारची परतीची गाडी. आम्ही चौघं. मी, नवरा (चालतं-पळतं सगळं खातो), ११ वर्षांचं पोट्टं (ममी बघायचीये, बाकी कशात इंटरेस्ट नाही) आणि सासूबाई. त्या ६८च्या, पूर्ण शाकाहारी, गुडघे दुखतात पण कबूल करत नाहीत.

व्हिडिओ बघून बघून यादी १७ जागांची झालीये. रविवारी कॉलेज स्ट्रीट, कॉफी हाऊस, हावडा ब्रिज, काली घाट, सायन्स सिटी. सोमवारी व्हिक्टोरिया मेमोरियल आणि इंडियन म्युझियम (म्हटलं सोमवारी गर्दी कमी असेल), मग दक्षिणेश्वरचं देऊळ, बेलूर मठ आणि जमलं तर बोटॅनिकल गार्डनचा वड. खाण्याचं अजून काहीच ठरलं नाहीये आणि खरं टेन्शन तेच आहे, सासूबाई तिकडे काय खातील? हॉटेल पार्क स्ट्रीटजवळ बुक केलंय.

हावडा_ब्रिजखालून
नऊ वर्षं झाली इथे राहून, तुमचा प्लॅन वाचला आणि चहा सांडला 😄 सोमवारी व्हिक्टोरियाचं म्युझियम बंद असतं आणि इंडियन म्युझियमही बंद. रविवारी कॉलेज स्ट्रीटची बहुतेक पुस्तकांची दुकानं बंद. म्हणजे दोन्ही दिवस तुम्ही कुलपं बघत फिरणार होतात. फक्त अदलाबदल करा, अर्धा प्रश्न सुटेल.

पण आणखी एक. नाताळ ते एक जानेवारी अख्खा बंगाल घराबाहेर असतो, डबे-सतरंज्या घेऊन, आणि त्यातला निम्मा व्हिक्टोरियाच्या बागेत नाहीतर अलिपूरच्या झूमध्ये. म्हणून रविवारी सकाळी सातलाच बागेत जा, बाग लवकर उघडते, धुकं असतं आणि ते पांढरं मकराना संगमरवर धुक्यात जे दिसतं ते दुपारी बाराला दिसत नाही. आतली दालनं दहानंतर, रांग बघून ठरवा. मी तर म्हणेन आत नाही गेलात तरी चालेल, ते वाचलेले दोन तास इंडियन म्युझियमला द्या. १८१४ सालचं आहे, देशातलं सगळ्यात जुनं. ममी तिथेच आहे, शिवाय भारहूतच्या स्तूपाचा कठडा, लाल दगडाचा, त्याच्यापुढे मी दरवेळी अर्धा तास उभा असतो. तुमच्या हॉटेलातून चालत जाता येईल.

सोमवारी दक्षिणेश्वर-बेलूर. दोन्हीकडे दुपारी दरवाजे बंद होतात त्यामुळे सकाळी सातच्या आत निघा. मेट्रो थेट दक्षिणेश्वरपर्यंत जाते आणि स्टेशनापासून देवळापर्यंत स्कायवॉक आहे, गुडघ्यांची सोय झाली. तिथून बेलूरला होडीने जातात, फार छान वाटतं, पण घाटाच्या पायऱ्या आणि होडीत चढायचा प्रकार सासूबाईंना जमेल का ते तुम्ही बघा, नाहीतर बाली ब्रिजवरून टॅक्सी. दुपारी जेवून आराम आणि संध्याकाळी कॉलेज स्ट्रीट.

सायन्स सिटी कापा. बोटॅनिकलचा वडही कापा, तो नदीपलीकडे शिबपूरला आहे, अर्धा दिवस जातो. (तसा अफलातून आहे, मूळ खोडच १९२५ साली काढून टाकलंय आणि पारंब्यांवर अख्खं जंगल उभं आहे. पुढच्या खेपेला.)

निवांत_प्रवासी
मागच्या वर्षी आम्ही एका टूरवाल्यासोबत गेलो होतो, दिवसाला सहा पॉइंट. प्रत्येक ठिकाणी "बीस मिनिट" आणि दुपारी तीनला कुठल्यातरी ढाब्यावर पनीर बटर मसाला. कोलकात्यात!! घरी आल्यावर बायको म्हणाली आपण नक्की काय बघितलं ते फोटो बघून सांग. त्यामुळे माझं मत, दिवसाला दोन गोष्टी बास.

हावडा ब्रिज मात्र 'पॉइंट' करू नका, येता-जाताच होतो तो. मंगळवारी गाडी पकडायच्या आधी पहाटे पुलाखालच्या मलिक घाटावर फुलांचा बाजार बघा, झेंडूच्या माळांचे ढीग आणि ते ढीग डोक्यावर घेऊन पळणारी माणसं. अंग चोरून उभं राहावं लागतं, सासूबाईंना नेऊ नका. आणि शनिवारी हावड्याहून हॉटेलला मेट्रोने जा, ती हुगळीच्या खालून जाते, नदीखालच्या बोगद्यात निळे दिवे आहेत, मुलगा खूश. एस्प्लनेडला उतरून बदलायचं.

पेणकर
बघण्याचं बाकीचे सांगतायत, मी खाण्याचं बोलतो. नवऱ्याला भेटकी पातुरी खायला घाला, मोहरी लावून केळीच्या पानात वाफवतात. भेटकी म्हणजे आपला जिताडा! रायगडात जावयाला जिताडा घालतात आणि तिकडे तोच मासा रस्त्यावर फिश फ्राय म्हणून मिळतो, मला भरून आलं होतं. इलिश म्हणजे आपला पाला, पण तो पावसाळ्याचा मासा, डिसेंबरात ताटात आला तर बहुतेक कोल्ड स्टोरेजचा, त्याच्यावर पैसे घालवू नका. बिर्याणीत बटाटा असतो, हसू नका. लखनौचा नवाब वाजिद अली शाह १८५६ साली तिकडे आला, तिथपासून त्या बिर्याणीची गोष्ट सांगतात. मसाला कमी, तुम्हा नागपूरकरांना आळणी वाटेल. सावजीची जीभ घरी ठेवून या 😜

हावडा_ब्रिजखालून
पेणकर 🙏 जिताड्याचं एकदम बरोबर.

सासूबाईंचं सांगतो. 'निरामिष' हा शब्द पाठ करा, 'व्हेज' म्हटलं की कधीकधी "फिश तो चलेगा ना?" असा प्रश्न येतो आणि विचारणारा मनापासून विचारत असतो. निरामिष म्हणजे कांदा-लसूणही नाही. सकाळी कचुरी आणि बटाट्याची भाजी कुठल्याही मिठाईच्या दुकानात मिळते, कॉलेज स्ट्रीटला पुंटीराममध्ये कचुरीबरोबर छोलार डाळ, म्हणजे हरभऱ्याची डाळ, किंचित गोड, खोबऱ्याचे तुकडे घातलेली. त्यांना आवडणारच. जेवणात लुची (मैद्याची पुरी), धोकार डालना (वाटल्या डाळीच्या वड्यांची आमटी म्हणा, आपल्या पाटवड्यांच्या चुलतघरातली) आणि मोचा म्हणजे केळफूल, ते तर आपल्याकडेही करतात. मोहरीच्या तेलाचा वास पहिल्या दिवशी नाकात जातो, मग सवय होते.

आणि हिवाळ्यात येताय तर नोलेन गुड! खजुराच्या रसाचा नवा गूळ, थंडीतच मिळतो. त्याचा संदेश, त्याचा रसगुल्ला. डब्यातला पांढरा रसगुल्ला नागपुरातही मिळतो, तो इथे येऊन खाऊ नका. न्यू मार्केटात नाहूमचा प्लम केक, १९०२ पासूनची ज्यू बेकरी, नाताळात रांग बाहेरपर्यंत. शनिवारी संध्याकाळी फक्त पार्क स्ट्रीटची रोषणाई आणि कोपऱ्यावरचा एग रोल, एवढंच.

ट्रामबद्दल कोणी विचारण्याआधी सांगतो, १८७३ पासूनची ती ट्राम आता जवळजवळ संपलीच. एस्प्लनेडला दिसली तर कुठे जाते ते न विचारता चढा.

ता.क. मराठी आहात कळलं की एखादे आजोबा "बर्गी!" म्हणून हसतील. रागवू नका. भोसल्यांच्या (हो, तुमच्या नागपूरच्याच) घोडदळाच्या, म्हणजेच बर्गींच्या, धास्तीने १७४२ मध्ये या शहराभोवती खंदक खणायला घेतला होता, आणि बर्गी आले म्हणून पोरांना झोपवायची अंगाई इथे अजून गातात. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे, बोळच आहे, पण पाटीखाली फोटो काढा.

संत्रीबर्फी
बाप रे, सोमवारचं कळलं नसतं तर पोट्ट्याने ममीसाठी तिथेच बसकण मारली असती. १७ वरून ७ वर आलो. काली घाटावर मात्र घरात चर्चा चालू आहे, सासूबाई म्हणतात एवढं जाऊन देवीला न भेटता यायचं का. रविवारी दुपारी बसवते कसंतरी.

बाकी धागा त्यांना वाचून दाखवला. बर्गीवर खूप हसल्या. मग विचारलं, बेलूरला होडी की टॅक्सी, तर म्हणे होडीच, माझ्या गुडघ्यांना काय झालंय?

पेणकर
मग एक स्टूल न्या सोबत, घडीचं. आणि पातुरीचा फोटो टाका.