थायरॉईडची गोळी चालू असताना कोबी-फ्लॉवर बंद करावं का? मदत हवी आहे

धाकट्या बहिणीला हाशिमोटोमुळे (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर हल्ला करते) हायपोथायरॉइडिझम आहे, म्हणजे थायरॉईडचा हार्मोन कमी पडतो. गोळी चालू आहे, टीएसएच (थायरॉईड नीट चाललंय का हे सांगणारी रक्ततपासणी) आटोक्यात आहे. पण कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, मुळा म्हणजे थायरॉईडला विष, असं कुणीतरी तिच्या डोक्यात भरवलंय आणि तिने या सगळ्या भाज्या सोडल्यात. आधीच तिचं खाणं मोजकं, त्यातून एवढ्या भाज्या गेल्या की उरतं काय, याची मला फार काळजी वाटते.

मी थोडं वाचलं. या भाज्या चिरल्या-चावल्या की त्यांच्यातल्या ग्लुकोसिनोलेट या गंधकयुक्त घटकांवर मायरोसिनेज नावाचं एन्झाइम काम करतं आणि गॉयट्रिन, थायोसायनेट तयार होतात. थायोसायनेट आयोडीनला ग्रंथीत शिरायला अडवतं, गॉयट्रिन हार्मोन बनण्यातच खोडा घालतं. कोबीवर पोसलेल्या सशांना गलगंड झाल्याची नोंद १९२८ सालची आहे. म्हणजे भीती अगदीच हवेतली नाही. पण माणसाने किती खाल्लं तर त्रास होतो? शिजवल्याने फरक पडतो का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १:
शिजवून खुशाल खाऊ द्या. उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं आणि गॉयट्रिन फारच कमी बनतं. एका प्रयोगात लोकांनी चार आठवडे रोज १५० ग्रॅम शिजवलेले ब्रसेल्स स्प्राउट्स (इवल्याशा कोबीसारखी भाजी) खाल्ले, थायरॉईडचे रिपोर्ट जसेच्या तसे राहिले. त्रास झालेली जी केस सगळे सांगतात ती २०१० साली प्रसिद्ध झाली: ८८ वर्षांच्या बाई कित्येक महिने रोज एक ते दीड किलो बोक चॉय (कोबीच्याच कुळातली चिनी पालेभाजी) कच्चा खात होत्या. तेव्हा कच्च्या पाल्याचे ग्लासभर रस रोज नकोत, एवढंच पथ्य.

शिवाय गोळीतून तयार हार्मोनच मिळतो, तो बनवायचा नसतो. त्यामुळे कोबी गोळीच्या आड येत नाही. आड येतात कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या. थायरॉईडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, नाश्त्याआधी अर्धा ते एक तास. कॅल्शियम-लोह त्यानंतर किमान चार तासांनी. मीठ आयोडीनयुक्त आहे ना, तेही बघा (मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं). पण समुद्री शेवाळाच्या वगैरे गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नका, जास्तीच्या आयोडीनने हाशिमोटो बिघडू शकतो.

धागाकर्ती:
मनापासून आभार! आत्ताच तिला विचारलं. कॅल्शियम आणि थायरॉईड, दोन्ही गोळ्या ती सकाळी एकदमच घेते. आता कॅल्शियम रात्री जेवताना घेतलं तर चालेल?

प्रतिसाद १:
चालेल, पण आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. तिचा डोस कॅल्शियमसकट बसवलेला असणार. अंतर ठेवलं की गोळी जास्त शोषली जाईल आणि तोच डोस जड होऊ शकतो. बदल केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. मध्येच छातीत धडधड, हात थरथरणं असं काही वाटलं तर तेवढंही थांबू नका.