मदत हवी आहे: ‘पा द कात्र’चे शिळाछाप चित्र मूळ की नंतरची प्रत?

सप्रेम नमस्कार. रोमँटिक काळातील बॅले-नर्तकींच्या शिळाछाप (दगडावर रेखाटून छापलेल्या, म्हणजेच लिथोग्राफ) चित्रांचे जाणकार येथे असल्यास त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

१२ जुलै १८४५ रोजी लंडनच्या हर मॅजेस्टीज थिएटरमध्ये नृत्यरचनाकार झूल पेरो यांनी ‘पा द कात्र’ हे चौघींचे बॅले-नृत्य सादर केले आणि मारी ताल्योनी, कार्लोत्ता ग्रीसी, फॅनी चेरितो व ल्युसील ग्रान या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी नर्तकींना एकाच नृत्यात आणले. अल्फ्रेड शालों यांनी रेखाटलेले आणि टी. एच. मॅग्वायर यांनी दगडावर उतरवलेले त्याचे चित्र प्रसिद्ध आहे. मध्यभागी ताल्योनी आणि तिच्याभोवती इतर तिघी, ही त्यातील रचना मला त्या काळातील सर्वांत सुंदर वाटते.

माझ्याकडील प्रतीच्या कडा कापलेल्या असल्याने खालचा नावांचा मजकूर उरलेला नाही. भिंगातून पाहिल्यास छटांमध्ये खडूचा अनियमित कण दिसतो, यांत्रिक छपाईतील समान अंतरावरचे ठिपके दिसत नाहीत, आणि झग्यांवरील गुलाबी रंग काही ठिकाणी रेषेबाहेर गेलेला आहे, म्हणजे तो हाताने भरलेला असावा. मात्र रंग जुन्या छापावर पुढे केव्हाही भरता येतो, त्यामुळे माझी शंका मिटत नाही.

कागदाचा पोत, त्यातील जलचिन्ह (वॉटरमार्क) किंवा रंगाचे स्वरूप यांवरून १८४५ची छपाई कशी ओळखावी? तसेच, कागद पिवळा पडत असताना हाताने भरलेल्या रंगाला धक्का न लावता जतन करणारे अनुभवी तज्ज्ञ मुंबई किंवा पुण्यात कोणाच्या माहितीत आहेत का?