मदत हवी आहे: सिकलसेल, छातीत दुखणं आणि तीन चेंडूंचा स्पायरोमीटर

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या सत्तरी-धारबांदोड्यातल्या सिकलसेल (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या कुटुंबांसाठी चवथीआधी एक पानभर सूचना तयार करतोय. दोन ठिकाणी गाडं अडलंय.

पहिलं. हाडांच्या वेदना सुरू झाल्या की दोन-तीन दिवसांत अॅक्यूट चेस्ट सिंड्रोम होऊ शकतो: ताप, खोकला, छातीत कळ, एक्स-रेवर नवा डाग. बरगड्या दुखतात म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, फुफ्फुसाचा तळ मिटतो, तिथे ऑक्सिजन घटतो आणि तांबड्या पेशी आणखी वाकतात. म्हणून जागेपणी दर दोन तासांनी स्पायरोमीटरवर (नळीतून श्वास घेऊन चेंडू वर उचलायचं साधन) दहा खोल श्वास. पण बहुतेक जण नळीत फुंकतात! चेंडू श्वास आत ओढून वर न्यायचा असतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला हे कसं शिकवता? नाहीच जमलं तर त्याऐवजी साबणाचे फुगे, कागदी भिरभिरं चालतं (फुंकण्याआधी खोल श्वास घ्यावाच लागतो), आणखी काही?

दुसरं, रक्त. या रुग्णांना रक्त चढवताना नुसता ओ पॉझिटिव्हसारखा गट जुळून भागत नाही. तांबड्या पेशींवरचे सी, ई आणि केल हे उपगटही जुळवावे लागतात, नाहीतर अँटीबॉडी तयार होऊन पुढची बाटली मिळणं मुश्कील. गोव्यात हे जुळवून रक्त कुठे, किती आधी मागावं लागतं? पणजी-मडगावच्या रक्तपेढ्यांत काम केलेल्यांनी कृपया सांगा.

ऑक्सिमीटरची सूचना लिहून झालीय: नेलपॉलिश पुसा, गार बोट चोळून गरम करा, आकडा स्थिरावू द्या. रोजच्यापेक्षा आकडा उतरला तर घरी थांबू नका. सलाईन मात्र भरमसाट नको, फुफ्फुसात पाणी साचतं.