मिनिकॉयला जहाजाने जायचंय, सोबत सासूबाई आहेत : प्रवास आणि सामानाबद्दल सल्ला हवा

निळीवाट
फेब्रुवारीत लक्षद्वीपला जायचं घाटतंय. मी, नवरा आणि सासूबाई (वय ६७, तब्येत ठणठणीत, पण गुडघे कुरकुरतात). बाकी बेटं झाली नाहीत तरी चालेल, मिनिकॉय आणि तिथलं १८८५ चं दीपगृह बघायचंच आहे. विमान बरं की जहाज? परवाना आधी काढायचा की तिकीट? आणि सामान किती न्यावं? रविवारी कोचीला उतरून त्याच रात्री परतीचं विमान धरायचं, सोमवारी ऑफिस, असा बेत आहे.

शिडाची_होडी
विमानाचा प्रश्न निकालात काढतो. लक्षद्वीपचा विमानतळ एकच, अगत्तीला. धावपट्टी छोटी, त्यामुळे एटीआरसारखी पंख्याची विमानं जातात आणि सामानही साधारण १५ किलोच नेऊ देतात. पण अगत्ती कुठे, मिनिकॉय कुठे! मिनिकॉय पार दक्षिणेला, मालदीवच्या शेजारी. अगत्तीला उतरून पुन्हा जहाजाचीच वाट बघावी लागेल. त्यापेक्षा थेट कोचीहून जहाज. अंतर ४०० किमीच्या आसपास, वाटेत कुठली बेटं घेतात त्यावर १४ ते १८ तास.

परवाना भारतीयांनाही लागतो, १९६७ चा नियम आहे. प्रशासनाच्या 'स्पोर्ट्स' या पर्यटन संस्थेमार्फत पॅकेज घेतलंत तर त्यातच होतो. स्वतः करणार असाल तर आधी परवाना, मग तिकीट. पोलिसांचा चारित्र्य दाखला मागतात का ते आत्ताच बघून ठेवा, त्यातच आठवडे जातात.

कोकणकडा
कोचीपर्यंत रेल्वेने जाणार असाल तर मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस कल्याण, पनवेल, रत्नागिरीवरून जाते. नावात लक्षद्वीप असलं तरी एर्नाकुलमला उतरवते, पुढचं पाणी तुमचं तुम्ही बघायचं :) जहाज कोचीतल्याच विलिंग्डन बेटावरून सुटतं, स्टेशनपासून ते जवळच आहे. फक्त गाडी आणि जहाज एकाच दिवशी ठेवू नका.

डेकवरचा_वारा
सामानाचं नंतर, आधी गुडघ्यांचं बोलू. बऱ्याच बेटांभोवती प्रवाळाची कड आणि आत उथळ लगून असतं, मोठं जहाज आत जाऊच शकत नाही. ते बाहेर थांबतं, बाजूला छोटी होडी येते आणि जहाजाच्या कुशीतल्या दारातून होडीत उतरायचं. दोन्ही हलत असतात. खलाशी दंडाला धरून बरोबर क्षणी 'चला' म्हणतात आणि तेव्हा पाय टाकावाच लागतो, विचार करत बसलात की होडी खाली जाते. फेब्रुवारीत समुद्र बऱ्यापैकी शांत असतो, त्यामुळे जमण्यासारखं आहे.

पण यातून पॅकेज निवडताना एक गोष्ट ठरते. 'समुद्रम' सहलीत कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी बेटं दाखवतात आणि रात्री मुक्काम जहाजावर. म्हणजे रोज सकाळी उतरा, संध्याकाळी चढा. बाकीच्यांना मजा येते, सासूबाईंना मात्र ती शिक्षा होईल. मी तुमच्या जागी असतो तर मिनिकॉयलाच मुक्काम केला असता. बुकिंग करतानाच वय आणि गुडघे सांगा, मिनिकॉयला त्या फेरीत कसं उतरवणार तेही विचारा.

आणि म्हणूनच चाकांची सुटकेस नको. उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत. मऊ सॅक किंवा डफल, जी खलाशी हातोहात पुढे देऊ शकतील. फोन, कागदपत्रं, सासूबाईंच्या गोळ्या पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, अंगावर.

अर्धवटराव
६७ वर्षांच्या बाईंना कशाला ओढताय? अगत्तीला विमानाने न्या, लगून बघा, परत या.

निळीवाट
@अर्धवटराव, ओढत नाहीये हो, ही टूम त्यांचीच! पोहण्यात त्या आमच्या दोघांच्या पुढे आहेत. @डेकवरचा_वारा, समुद्रमचं कटाप, बरं झालं सांगितलंत.

मीठभाकर
जहाज लागत असेल तर एव्होमिनसारखी गोळी उलटी होण्याआधी घ्यायची असते, नंतर उपयोग नाही. वयस्कर माणसाला झापड येते, आधीच्या औषधांशी जमते का ते डॉक्टरांना विचारा. केबिन शक्यतो जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावरची मागा, हेलकावे कमी जाणवतात. एसी मात्र कडक असतो, शाल हवीच.

गावात फिरताना खांदे-गुडघे झाकणारे सुती कपडे न्या, वस्ती जवळजवळ पूर्ण मुस्लीम आहे. पाण्यात लांब बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट घाला, म्हणजे सनस्क्रीन कमी लागतं. त्यातली काही रसायनं प्रवाळाला घातक आहेत. जाड तळाचे पाण्यातले बूट न्या, पण ते घालून प्रवाळावर चालू नका. नेहमीची औषधं लागतील त्याहून जास्त न्या. दारूबंदी आहे, बॅगेत बाटली नको. येताना शंख-प्रवाळ उचलू नका, प्रवाळ वन्यजीव कायद्याखाली येतं.

शिडाची_होडी
रोख रक्कमही जवळ ठेवा. २०२४ च्या जानेवारीत कोचीहून समुद्राखालची केबल सुरू झाली, इंटरनेट सुधारलंय, तरी सगळा भरवसा फोनवर नको. सिम बीएसएनएल किंवा एअरटेलचं.

डेकवरचा_वारा
रविवार-सोमवारचं कुणीच बोललं नाही. ही जहाजं मुळात बेटावरच्या लोकांची एसटी आहे. हवामान, माल, आजारी माणूस, कशानेही वेळ पुढे सरकते आणि तक्रार करायला जागा नसते. कोचीत परतल्यावर दोन दिवस मोकळे ठेवा. जहाज वेळेवर आलं तर फोर्ट कोची बघा. स्कूबा करणार असाल तरी हे बरं, कारण एकाहून जास्त डाइव्ह झाल्या की विमानाआधी किमान १८ तास सोडायचे असतात.

निळीवाट
बुधवारपर्यंत रजा वाढवून मागते. नवरा म्हणतो स्कूबा फक्त सासूबाई करणार.

मीठभाकर
मग त्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र इथूनच घेऊन जा. साठीच्या पुढे डाइव्हवाले हमखास मागतात.